वस्तरा पेटीतच राहू द्या

विंचूरहून एका सभासदाचं पत्र आलं आहे. बाजारपेठेत दोन खुर्च्यांचं सलून. कांद्याचे लिलाव चालू असले की सकाळपासून बाकावर गिऱ्हाईक. अशाच गर्दीच्या वेळी एक शेतकरी बायकोला घेऊन दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. तिचं नाशिकला केमो सुरू होतं. पहिल्या सलाईनला पंधरा-सोळा दिवस झाले होते आणि वेणी घालायला घेतली की केसांचे झुबके हातात येत होते. सगळेच काढून टाका, एवढंच ती म्हणाली. बाकावरच्या माणसांनी वर्तमानपत्रातून डोकी वर काढली. आमचे सभासद विचारतात : अशा वेळी नेमकं काय करायचं? हत्यार कुठलं, जागा कुठली, पैसे घ्यायचे का, आणि ‘परत येतील ना?’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? त्या दिवशी त्यांनी काय केलं हे पत्रात नाही, आणि ते महत्त्वाचंही नाही. प्रश्न विचारला हे उत्तम केलं.

हा प्रश्न आता आपल्याकडे वारंवार येणार आहे. १९४१ साली परळला टाटा मेमोरिअल रुग्णालय सुरू झालं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं आपल्या भागातून कर्करोगाचा पेशंट म्हटलं की मुंबई ठरलेली. घरचं एक माणूस सोबत, धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे महिनोन्‌महिने मुक्काम. केस जायचे ते तिकडेच. पेशंट गावी परतायचा तेव्हा डोक्यावर बोटभर वाढ आलेली असायची, गावाला मधलं काही दिसायचंच नाही. आता नाशिकमध्येच उपचार होतात, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोचा खर्चही बसतो. पेशंट सकाळच्या गाडीनं जातो, सलाईन घेऊन रात्री घरी येतो. त्यामुळे केस गळतात ते गावातल्या उशीवर, गावातल्या मोरीत. आणि ते काढायला येतो आपल्याकडे.

आधी कामापुरतं शास्त्र समजून घेऊ. डोक्यावरच्या केसांपैकी पंच्याऐंशी ते नव्वद टक्के केस कुठल्याही दिवशी वाढीला लागलेले असतात. त्यांच्या मुळाशी पेशींची विभागणी इतक्या झपाट्यानं चालते, की शरीरात तिच्या बरोबरीला फार थोड्या जागा आहेत. केमोची औषधं झपाट्यानं विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. कर्करोगाची पेशी आणि केसाच्या मुळाची पेशी यांतला फरक त्यांना कळत नाही. केस मुळापाशी निमुळता होत जातो आणि तिथेच तुटतो. साधारणपणे पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत गळती सुरू होते आणि एक-दोन महिन्यांत डोकं मोकळं होतं. भुवया, पापण्या, दाढी, मिशा, अंगावरचे केस हेही जातात, पण मागाहून आणि सगळ्यांचे सारखे नाहीत.

मात्र प्रत्येक केमोनं टक्कल पडत नाही. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे पेशंट ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते, आणि पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल यांनी बहुधा पडतं. कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्यांनी केस विरळ होतात, सगळे जात नाहीत. डोक्यावर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर जिथे शेक तिथलेच केस जातात. छातीवरच्या किंवा गर्भाशयाच्या शेकानं डोक्याचे केस जात नाहीत. हे माहीत असावं ते एवढ्यासाठी, की केमो सुरू होणार असं कळलं म्हणून कुणी घाबरून आधीच चकोट करायला आलं, तर ‘डॉक्टरांना विचारलंत का, या औषधानं केस जाणार आहेत का?’ असं विचारता आलं पाहिजे. उत्तर ‘जाणार’ असेल तर मग आपलं काम सुरू.

ते काम खरं तर केस गळायच्या आधीच सुरू व्हायला हवं. कमरेपर्यंतची वेणी एकदम हातात येणं आणि मानेपर्यंत कापलेले केस झडणं यांत बघणाऱ्याच्या दृष्टीनं पुष्कळ फरक आहे. पहिल्या सलाईनच्या आधी केस धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट वेणी घालून दोन्ही टोकांना रबर बांधा आणि वेणीच कापा. लांबी बारा इंच किंवा जास्त असेल तर ती विग करणाऱ्यांच्या उपयोगी पडते. कुणाला दान करायची असते, कुणाला घरातच ठेवायची असते. भांग कुठे पडतो, कपाळावर केस कसे येतात, याचा एक फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून द्या. पुढे विग बसवायचा झाला तर त्या फोटोवरून काम होतं.

आता हत्यार. वस्तरा नाही. अगदी नवं ब्लेड लावलेला, तीस वर्षांच्या सरावाच्या हातातला वस्तराही नाही. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी झालेल्या असतात आणि केस गळायला लागतात तेही त्याच सुमाराला. एरवी तुरटी फिरवून आपण विसरून जातो तेवढ्या ओरखड्यातून या माणसाला जंतुसंसर्ग होऊ शकतो, ताप चढून रुग्णालयात दाखल व्हावं लागू शकतं. प्लेटलेट कमी असतील तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून ट्रिमर, आणि तोही गार्ड लावून, तीन ते सहा मिलिमीटर केस ठेवून. गुळगुळीत करून द्या असा आग्रह झाला तरी नाही म्हणायचं आणि कारण सांगायचं. ट्रिमरचं पातं काढून, केस झटकून, स्पिरिटनं पुसून घ्या. नॅपकिन धुतलेला, गळ्याला कागदी पट्टी नवी. आपल्याला सर्दी-खोकला असेल तर दुसऱ्याकडे पाठवा. डोकं हुळहुळं झालेलं असतं, केसांची मुळं दुखतात, म्हणून मशीन दाबू नका. राहिलेले खुंट पुढचे काही दिवस गळत राहतात आणि उशीवर टोचतात; कपड्यांवरची लव काढायचा चिकट रोलर हलक्या हातानं फिरवला की ते निघतात. आफ्टरशेव्ह नाही, तुरटी नाही.

चंपीही नाही. आणि मान मोडणं तर अजिबात नाही. हे मी खरं म्हणजे सगळ्याच गिऱ्हाइकांबाबत म्हणेन. डोकं दोन हातांत धरून कडाकडा मान फिरवणं ही आपल्या धंद्यातली फार जुनी आणि फार वाईट खोड आहे. मानेतल्या रक्तवाहिनीला त्यानं इजा होऊ शकते. केमोच्या पेशंटचा आजार मणक्यात उतरलेला असू शकतो, हाडं ठिसूळ असू शकतात, आणि ते आपल्याला खुर्चीमागून दिसत नाही. आणखी एक दिसत नाही ते म्हणजे पोर्ट. काहींच्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत सलाईनसाठी एक लहान डबी बसवलेली असते, काहींच्या दंडाला नळी असते. कापड बांधण्यापूर्वी विचारा : कुठे नळी आहे का, कुठे दुखतं का?

जागेचा प्रश्न हत्यारापेक्षा अवघड आहे. पुरुषांच्या सलूनमध्ये बाईला चार माणसांसमोर बसवता येत नाही. लेडीज पार्लरमध्ये जावं तर तिथे थ्रेडिंग, फेशियल, फार तर केसांना आकार देणं. पूर्ण डोकं मशीननं उतरवायचं म्हटलं की पार्लरवाल्या ताईंचाच हात थरथरतो. मधल्यामध्ये ती बाई घरी जाते आणि नवरा नाहीतर मुलगा दाढीच्या मशीननं जमेल तसं करतो. यातून वाट काढणं कठीण नाही. बलुत्याच्या काळात आपले आजे-पणजे धोकटी घेऊन घरोघरच जात होते. घरी जा. किंवा तुमचं दुकान बंद असतं त्या दिवशी बोलवा, शटर अर्धं ओढा, घरातलं एक माणूस सोबत असू द्या. शक्य असेल तर गावातल्या पार्लरवाल्या ताईंनाही बोलवा, मशीन तुमचं, हात त्यांचा. एकदा शिकल्या की पुढच्या वेळी त्यांना तुमची गरज पडणार नाही, आणि ते चांगलंच आहे. आरशाकडे तोंड करून बसायचं की पाठ करून, हे तिला विचारा. काढलेले केस केराच्या डब्यात टाकण्याआधीही विचारा. बऱ्याच जणींना ते नदीत सोडायचे असतात. पायाखाली यायला नको असतात.

बाईच्या डोक्याला मशीन लावताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, त्यामागे इतिहास आहे आणि तो आपल्या धंद्याचाच आहे. ब्राह्मण आणि काही इतर घरांत नवरा वारला की विधवेचं केशवपन व्हायचं. हुकूम घरातल्यांचा आणि शास्त्र्यांचा, पण वस्तरा धरणारा हात आपल्या माणसाचा. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं डोकं भादरणार नाही असं तिथे ठरलं. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांना आपण गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून ओळखतो, ते त्यामागे होते. ज्यांच्या पोटावर या ठरावानं पाय येणार होता त्यांनीच तो केला. आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत जिवा महालांचं नाव जेवढ्या वेळा निघतं त्याच्या दहाव्या हिश्शानंही या सभेचं निघत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. त्या न्हाव्यांना कळलं होतं की ज्या बाईचं डोकं आहे तिला विचारलेलंच नाही. आज दुकानाच्या पायरीवर उभी असलेली बाई स्वतः सांगते आहे. तेव्हा ‘नाही’ म्हणणं जितकं बरोबर होतं तितकंच आता ‘या, बसा’ म्हणणं बरोबर आहे. पण एक पाहायचं : सांगते आहे ती तीच ना? की सासू, नवरा, ‘उगाच घरभर केस होतात’ म्हणणारी जाऊ? ती गप्प असेल तर मशीन चालू करू नका. ‘आज आखूड करू, चार दिवसांनी परत या’ असंही म्हणता येतं.

पण गाव अजून १८९०च्या पुढे फारसं सरकलेलं नाही. बाईचं उघडं डोकं दिसलं की लोकांच्या मनात एकच अर्थ येतो. म्हणून कित्येक जणी ‘तिरुपतीला केस दिले’ असं सांगून वेळ मारून नेतात. पुरुषांची सुटकाही फार सोपी नाही. आपल्या जिल्ह्यात तर डोकं आणि मिशी उतरवलेला पुरुष दिसला की तो रामकुंडावरून दहावा करून आला असंच धरतात आणि ‘कोण गेलं?’ असं विचारतात. ज्याच्या स्वतःच्या जिवाचं खरं नाही त्यानं या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? निदान आपल्या दुकानात तरी तो कुणी विचारू नये, एवढं पाहणं आपल्या हातात आहे. कर्करोग कंगव्यातून, नॅपकिनमधून, खुर्चीतून पसरत नाही, हेही बाकावरच्यांना एकदा सांगून टाका. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत अचानक केसगळती सुरू झाली तेव्हा ‘टक्कल व्हायरस’ असं नाव पसरायला किती कमी वेळ लागला होता ते आठवा. पुढे तज्ज्ञांचं बोट वळलं ते सेलेनियम या द्रव्याकडे. पण तोवर त्या माणसांनी जे सोसायचं ते सोसलं.

केस वाचवायचा काही उपाय आहे का, असं विचारणारे भेटतील. एक आहे : थंड टोपी. सलाईनच्या सुमारे अर्धा तास आधीपासून ते नंतर तासाभराहून जास्त वेळ डोकं यंत्रानं गार ठेवतात, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. या यंत्रांपैकी एक इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या पॅक्समन कुटुंबानं काढलं. त्यांचा मूळ धंदा बिअर थंड करायच्या यंत्रांचा. घरातल्या सुनेचे केस केमोत गेले आणि तेच तंत्र डोक्यासाठी वापरून पाहावं असं त्यांच्या मनात आलं. विंचूरच्या वाइन पार्कात टाक्या गार ठेवणारी व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात जादू वाटणार नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत टोपी वापरलेल्या स्तनकर्करोगाच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांचे बरेचसे केस टिकले. टाटा मेमोरिअलच्या २०२०च्या अभ्यासातही निष्कर्ष त्याच अंगाचा होता. म्हणजे जवळपास निम्म्यांपर्यंत जणींना उपयोग होत नाही, रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत, आणि ती सगळीकडे मिळत नाही. ‘डॉक्टरांना पहिल्या सलाईनच्या आधी विचारा’ एवढंच आपण सांगायचं. नंतर विचारून उपयोग नसतो. फ्रिजमधल्या बर्फाची पिशवी डोक्यावर धरून घरगुती प्रयोग नकोत, कातडी भाजते.

विगबद्दल थोडंच, कारण तो मोठा विषय आहे. दुकानातून आणलेला विग जसाच्या तसा कुणालाच शोभत नाही. कपाळाकडचे केस विरळ करणं, कानाजवळ आखूड करणं हे आपलंच काम, आणि ते विग डोक्यावर असताना करायचं. कृत्रिम केसांचा विग असेल तर एक गोष्ट दहा वेळा सांगा : चुलीपाशी, गॅसपाशी, तव्याच्या वाफेपाशी तो घालून जाऊ नका, पुढचे केस आक्रसून कायमचे खराब होतात. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला ही सूचना कुठल्याही विगच्या खोक्यावर लिहिलेली मिळणार नाही. आणि विग हवाच असंही नाही. द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या बाया एरवीही डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधतात, त्यांत एक डोकं बिनकेसांचं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता ‘परत येतील ना?’ बहुतेकांचे येतात. शेवटच्या सलाईननंतर महिन्या-दीड महिन्यात बाळाच्या जावळासारखी मऊ लव दिसू लागते, मग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. सरळ केस होते तिथे कुरळे येतात, काळे होते तिथे पांढरे किंवा राखाडी. बऱ्याच जणांचं हे पुढे हळूहळू मूळपदावर येतं. पण ‘नक्की येतील’ असं म्हणू नका. डोसिटॅक्सेलनंतर थोड्या जणांचे पूर्वीसारखे येत नाहीत, डोक्याला जास्त शेक दिलेला असेल तर त्या जागी कायमचं विरळ राहू शकतं, आणि स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षं चालणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनीही केस पातळ राहतात. ‘दाट यावेत म्हणून पुन्हा एकदा गोटा करा’ असा आग्रह होईल. मूळ कातडीखाली असतं, वरून कितीदाही कापलं तरी त्याला पत्ता लागत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून फक्त जाड भासतं. आपणच पिढ्यान्‌पिढ्या हे लोकांच्या मनात भरवलं आहे, आता आपणच काढून टाकू.

तसंच तेलांचं. आपल्या काउंटरवर ‘एकवीस दिवसांत नवे केस’ म्हणणाऱ्या बाटल्या असतात, कमिशन बरं सुटतं. या गिऱ्हाइकाला त्या विकू नका. कांद्याचा रस तर आपल्या भागात प्रत्येक घरी सुचवला जातो. त्या रसानं केस उगवत असते तर लासलगाव-विंचूरच्या मार्केटात एकही हमाल, तोलारी किंवा व्यापारी टकला दिसला नसता. केमोनं नाजूक झालेल्या कातडीवर तो चोळला की आग होते, पुरळ उठतं. मिनॉक्सिडिलसारखं औषध द्यायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. रंग, स्मूदनिंग, केराटिन यांना उपचार संपल्यावर निदान सहा महिने थांबवा, आणि मग कानामागे थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास पाहा. पुड्यांतून मिळणाऱ्या काळ्या मेहंदीत बहुधा रासायनिक रंगच असतो, ती ‘नैसर्गिक’ म्हणून लावू नका. पार्लरमधल्या ताईंनी उपचार चालू असेपर्यंत थ्रेडिंग टाळावं. भुवया गेल्या असतील तर पेन्सिलनं काढायला शिकवावं.

रीलबद्दल माझं मत कडक आहे. पेशंटचं डोकं उतरवताना, मग सलूनवाल्यानं स्वतःचंही उतरवताना, मागे रडवं संगीत, असे व्हिडिओ फिरतात. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, दुकानाचं नाव होतं. गिऱ्हाइकानं मागितलं तरी दुकानाच्या नावावर टाकू नका. आज ती हो म्हणेल, वर्षानं तिच्या मुलीचं लग्न ठरत असताना तो व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल.

पैसे घ्या. यावर आपल्यात दुमत आहे, मला ठाऊक आहे. पण फुकट केलेलं काम घेणाऱ्याला जड होतं आणि ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि दुसऱ्यांदा येणं इथे गरजेचं आहे. पाटीवर जो दर आहे तोच; घरी गेलात तर घरी जाण्याचे नेहमी लावता तेवढे. कुणी अगदीच गांजलेलं असेल तर त्याचा हिशेब तुमचा तुम्ही करा, बाकावर सांगू नका.

एक काम संघटनेनं करायचं आहे. केमो सुरू होताना रुग्णालयातल्या नर्स पेशंटला खाण्यापिण्याच्या, तापाच्या सूचना देतात. त्याच वेळी ‘तुमच्या गावाजवळ हे काम नीट करणारं सलून हे आहे’ असं त्यांना सांगता आलं पाहिजे, आणि ती यादी आपण द्यायची. सुरुवात निफाड आणि येवला तालुक्यांपासून करू. ज्यांच्याकडे गार्ड लावलेला ट्रिमर आहे, पडद्याची सोय आहे किंवा घरी जायची तयारी आहे, त्यांनी दुकानाचं नाव, गाव आणि बंदचा वार या महिनाअखेरपर्यंत आपल्या तालुका शाखेकडे लिहून द्यावा. पार्लर चालवणाऱ्या ताईंची नावं त्यात वेगळ्या रकान्यात हवीत.